पहिल्या मजल्याची लाईन

२ डिसेंबर, सोमवार

आज हिंदुरावांनी दुकानात बोलावून घेतलं. ते आमच्या पद्मरेखा संकुलाच्या गाळेधारक समितीचे अध्यक्ष. तळमजल्यावर त्यांचं चादर-टॉवेलचं मोठं दुकान आहे. समोर दोन वीजबिलं ठेवली होती, एक मे महिन्याचं आणि एक परवाचं.

"अनिलकुमार, एक सांगा मला. मेमध्ये बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. आता माणसं सकाळी स्वेटर घालून येतात. तरी युनिटं जवळपास तेवढीच कशी?"

मी म्हटलं, बघतो.

"बघतो नको. फेब्रुवारीअखेर चौथा हिस्सा खाली आणा. नाहीतर पुण्याची एक कंपनी इमारतीची सगळी व्यवस्था बघायला तयार आहे. समितीतल्या निम्म्या लोकांना तीच पाहिजे."

म्हणजे मॅनेजर नको. मला इथे लागून सातच महिने झालेत. त्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात बावीस वर्षं सुपरवायझर होतो. तो बंद पडला आणि आठ महिने घरी बसलो. सकाळी डबा नसताना घराबाहेर पडायचो आणि दुपारी परत यायचो. ते दिवस पुन्हा नकोत. मुलगी सांगलीला शिकते आहे, तिची अजून दोन वर्षं आहेत.

मीटरच्या रीडिंगची वही ऑफिसात केली. ही वही घरी राहील. तिथे लिहिण्यासारखं नसेल ते इथे.

४ डिसेंबर, बुधवार

गौसला घेऊन चारही मजले फिरलो. गौस आमचा इलेक्ट्रिशियन, एकसष्ट वर्षांचा, इमारत उभी राहिली तेव्हापासून इथेच. फार सावकाश काम करतो. प्रत्येक बोर्ड उघडून आत बघत उभा राहतो, ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. मला भराभर उरकायची सवय.

तिसऱ्या मजल्यावर विम्याचं ऑफिस आहे. उत्तरेकडची बाजू, ऊन नाही. अकरा टेबलं आणि टेबलांखाली सात हीटर. तिथल्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वरून गार वारा येतो, म्हणून खाली हीटर लावतो."

"मग वरचा वारा बंद का करत नाही?"

"तो आमच्या हातात कुठे आहे? तो गच्चीवरून येतो."

गच्चीवर एसीचा मोठा प्लॅन्ट आहे. सकाळी नऊला सुरू, रात्री आठला बंद, बारा महिने एकाच आकड्यावर. म्हणजे डिसेंबरात एक मशीन खोली गार करतंय आणि सात मशीनं तीच खोली गरम करतायत. बावीस वर्षं माग बघितले, पण एकाने विणायचं आणि दुसऱ्याने उसवायचं, असं कुठे पाहिलं नव्हतं.

मी गौसला म्हटलं, प्लॅन्ट बंद करून टाक. तो म्हणाला, "क्लासवाले वरडतील, साहेब. चला दाखवतो." दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेला कोचिंग क्लास आहे. सगळी भिंत काचेची. दुपारी तीनला तिथे चाळीस मुलं घामाघूम होऊन बसली होती. त्यांच्यासाठी प्लॅन्ट, आणि प्लॅन्टमुळे विमावाल्यांना हीटर.

शिवाय संपूर्ण इमारतीला एकच मोठं कनेक्शन. बिल चौरस फुटांवर वाटलं जातं. जो हीटर लावतो आणि जो लावत नाही, दोघांना सारखंच. कोण कशाला बंद करील?

जाताना गौसने विचारलं, "साहेब, च्या घेतला का?" मी नको म्हटलं. रविवारीही तो इमारतीत येऊन बसतो असं कळलं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घरी कोन हाय बोलाया?" त्याला सांगितलं, रविवारी यायचं नाही, उगाच दिवे-पंखे लागतात.

७ डिसेंबर, शनिवार

खिडक्यांच्या वरच्या बाजूला अरुंद झडपा आहेत. मला वाटायचं त्या नुसत्या काचा आहेत. गौसने सांगितलं, त्या उघडतात, पण एसी बसवला तेव्हा बिल्डरच्या माणसांनी स्क्रू मारून वर रंग फासला. दोन दिवसांत त्याने एकेचाळीस झडपा मोकळ्या केल्या. शिडीवर चढउतार करून त्याचे गुडघे दुखायला लागले, पण काम नीट केलं हे मान्य करायला पाहिजे.

आजपासून प्लॅन्ट दुपारी एकपर्यंत बंद. विमावाल्यांनी अकराच्या सुमाराला पाच हीटर स्वतःहून काढले. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

काल सकाळी क्लासचे सर तक्रार घेऊन आले. सकाळी ठीक, पण दुपारी प्लॅन्ट लागायच्या आधीच वर्ग तापलेला असतो. बजाबाई तिथेच फरशी पुसत होत्या. त्या सफाईला आहेत, रोज गावाकडून येतात. मध्येच बोलल्या, "उनाला पडदा न्हाय का लावायचा? काच तापली की खोली तापनारच. आमी गोठ्याला पोती लावतो की."

हिंदुरावांच्या गोदामात विणीत दोष राहिलेल्या चादरींचा ढीग पडून आहे. साठ मागितल्या. ते हसले, पण दिल्या. आज बजाबाईंनी घरून सुई-दोरा आणून कडा शिवल्या, गौसने तारा ओढल्या. लाल, निळ्या, मोराच्या, कमळाच्या चादरी, सगळ्या पश्चिमेच्या काचांवर आतून. मुलं हसत होती. पण तीन वाजता वर्गात अठ्ठावीस डिग्री होतं. काल याच वेळी तेहेतीस होतं. पंखे लावले आणि भागलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कालपासून प्लॅन्ट पूर्ण बंद आहे. रोज सातशे ऐंशी युनिटं जायची. काल चारशे दहा.

हिंदुरावांनी स्वतः चहा मागवला. समितीसाठी अहवाल लिहून दिला. झडपा उघडणे, पडदे लावणे, वगैरे. 'व्यवस्थापकांच्या पाहणीतून' असं लिहिलं. अहवालात शिपाई-सफाईवाल्यांची नावं घालायची पद्धत नाही.

रात्री जेवताना बायकोला, वैजयंतीला सांगितलं. ती खूश झाली. मग विचारलं, "चादरी शिवल्या कुणी?" म्हटलं, बजाबाईंनी. "मग त्यांना काही म्हणालात का?" मी म्हटलं, त्यांचं कामच आहे ते. ती भाकरी वाढून ओट्याकडे वळली.

१५ डिसेंबर, रविवार

दुपारी इमारतीत जाऊन आलो. सगळं बंद, कुलपं लागलेली, आणि मीटर फिरतोय. रविवारी दिवसभरात एकशे नव्वद युनिटं. माणूस नाही तरी. पाण्याचे कूलर, क्लासचे कॉम्प्युटर, संडासातले पंखे, जिन्याचे दिवे. ही गळती थांबली तर चौथा हिस्सा काय, निम्मं बिल खाली येईल.

१७ डिसेंबर, मंगळवार

ठरवलं. शनिवारी संध्याकाळी सगळे गेले की दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचे मुख्य खटके पाडायचे, सोमवारी सकाळी उचलायचे. पहिल्या मजल्याला हात लावायचा नाही, कारण तिथे डॉ. फिरदोस यांचा मुलांचा दवाखाना आहे आणि त्यांच्याकडे लशींचा फ्रीज असतो. तळमजल्यावर दुकानांचे कॅमेरे आहेत, तोही चालू.

गौसला सांगितलं तर मान हलवत उभा राहिला. "साहेब, डॉक्टरीनबाईंचा गाळा आदी क्लासवाल्यांचाच हुता. मागनं पार्टिशन घालून इकला. त्यांची एकादी लाईन वरनं आली आसंल. एक रविवार थांबू, मी शोधतो."

"दवाखाना कुठल्या मजल्यावर आहे?"

"पैल्या."

"मग पहिल्या मजल्याचा बोर्ड चालू राहणार आहे. शोधायचं काय त्यात?"

त्याला प्रत्येक कामाला आठ दिवस लागतात. एक रविवार म्हणजे दीडशे युनिटं.

२१ डिसेंबर, शनिवार

सात वाजता खटके पाडले. गौस हात लावायला तयार नव्हता. पुन्हा तेच, लाईन बघू या. मी म्हटलं, पाड. पाडले. जिन्यात अंधार झाला आणि इमारत एकदम गप्प झाली. बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

रीडिंग: अठ्ठावन्न.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी नऊला खटके उचलले. साडेनऊला पहिल्या मजल्यावरून आवाज आला म्हणून गेलो.

डॉ. फिरदोस फ्रीजसमोर उभ्या होत्या. आत एकोणीस डिग्री. दोन ते आठच्या मध्ये राहायला पाहिजे. फ्रीजला बॅटरी आहे, पण ती चार-पाच तासांची. एरवी त्या रविवारी एकदा येऊन बघतात, काल विजापूरला लग्नाला गेल्या होत्या. त्यांनी फ्रीजच्या यंत्रातली नोंद वाचली. शनिवारी सात वाजून चार मिनिटांपासून वीज नाही.

"सगळ्या टाकून द्याव्या लागतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आता फ्रीज चालू झालाय, पुन्हा गार होतील. त्या म्हणाल्या, "गार होतील हो. पण उपयोगाच्या आहेत का, ते आता कुणीच सांगू शकत नाही. आणि मी त्या कुठल्याही मुलाला देणार नाही."

बाकांवर नऊ-दहा बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी प्रत्येकीला स्वतः जाऊन सांगितलं, शुक्रवारी या. एक म्हातारी, सोजरबाई नाव, टेंभुर्णीच्या पलीकडच्या गावातून नऊ महिन्यांच्या नातवाला घेऊन आली होती. गावातल्या केंद्रात लशीची तारीख चुकली म्हणून दोन गाड्या बदलून इथवर. गोवराची लस. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, शुक्रवारी नक्की आणा. तुमच्या भागातली गोवराची दोन मुलं गेल्या आठवड्यात आलीत माझ्याकडे." म्हातारी म्हणाली, "शुक्रवारी कोन आननार, बाई? ल्योक उसावर गेलाय. बगते की." आणि पोराला कुंचीत गुंडाळून जिना उतरून गेली.

गौसने दुपारपर्यंत शोध लावला. पार्टिशनच्या मागून एक वायर खाली येते. फ्रीजचा पॉइंट दुसऱ्या मजल्याच्या बोर्डावर आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

हिंदुरावांच्या दुकानात बसलो. हिंदुराव, डॉ. फिरदोस, मी, गौस. हिंदुराव म्हणाले, "दुसऱ्या मजल्याचा खटका पाडला कुणी?"

मी बोलणारच होतो. वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात गौस म्हणाला, "मी पाडला."

"कुणाला विचारून?"

"माझ्याच हातनं पडला. लाईन बघायला पायजे हुती, बघितली न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या टॉवेलांच्या घड्यांकडे बघत होतो. हिंदुराव म्हणाले, साठीच्या पुढची माणसं विजेच्या कामाला ठेवायची म्हणजे जोखीमच, उद्यापासून त्याने येऊ नये. गौस म्हणाला, "बरं," आणि किल्ल्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला.

तसं बघितलं तर तो खोटं बोलला नाही. खटका त्यानेच खाली ओढला.

वयामुळे त्याचा गोंधळ झाला असेल. कुणी सांगितलं होतं, ते त्याला आठवतही नसेल.

२८ डिसेंबर, शनिवार

नवी लस आली. काल सहा मुलं येऊन गेली. डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये खुणा केलेल्या आहेत. मी सहज बघितलं. सोजरबाईची जागा कोरी आहे.

युनिटं: चारशे चार. इलेक्ट्रिशियन नसल्यामुळे जिन्यातले तीन दिवे गेलेले तसेच आहेत.

वैजयंतीला मी सोमवारीच सांगितलं होतं की गौसच्या हातून चूक झाली. तिने तेव्हा एकच विचारलं, "त्यांना खटका पाडायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, ऑफिसचं बोलणं घरी नको. त्यानंतर तिने ऑफिसचं काहीच विचारलेलं नाही. डबा वेळेवर असतो.

१ जानेवारी, बुधवार

दवाखान्यातून सोजरबाईला फोन लावतात, तो बंद लागतो. नंबर तिच्या मुलाचा आहे आणि तो ऊसतोडीला गेलाय. मी तो नंबर माझ्या फोनमध्ये घेतला. दुपारी दोनदा लावला. बंद.

४ जानेवारी, शनिवार

समितीचं पत्र आलं. डिसेंबरच्या बचतीबद्दल अभिनंदन. ११ तारखेला बैठक आहे, तिथे मी सगळी माहिती द्यावी. हिंदुराव म्हणाले, "पुण्याच्या कंपनीचं नाव आता कुणी काढत नाही." मी पत्र घरी आणलं, पण वैजयंतीला दाखवायचं राहिलं.

आज खटके पाडले नाहीत. फ्रीजची लाईन वेगळी होईपर्यंत नकोच. सोजरबाईचा फोन बंद.

६ जानेवारी, सोमवार

जिन्यात बजाबाई भेटल्या. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्याचा कोपरा राहिलाय. त्या फडकं पिळत म्हणाल्या, "करते. साहेब, गौसभाई कवा येनार?"

"ते आता येणार नाहीत. त्यांच्याकडून मोठी चूक झाली."

"त्यांच्याकडनं?" फडकं बादलीत टाकून त्या उभ्या राहिल्या. "त्या शनवारी मी हितंच पायरी पुसत हुते. ते दोनदा म्हनले लाईन बगू. तुमी म्हनला पाड."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कुनी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी बी तर तितंच हुता की."

मग बादली उचलून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. कोपरा स्वच्छ केला आहे. बघून आलो.

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी पाचला शुक्रवार पेठेतल्या घरी न जाता सरळ नई जिंदगी वस्तीत गेलो. गौसचं घर शोधायला वेळ लागला. एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी. तो पडवीत शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. भिंतीवर बायकोचा फोटो. दोन्ही मुलगे हैदराबादला असतात, ईदला येतात, असं तो बोलता बोलता म्हणाला. घरात दुसरं माणूस नव्हतं.

मी विचारलं, "तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?" त्याला मी 'तुम्ही' म्हणालो हे बोलल्यानंतर लक्षात आलं.

तो मिक्सरचा स्क्रू बसवत राहिला. मग म्हणाला, "हिंदुरावांनी इचारलं तवा तुमचं तोंड बघितलं. मान्साला काम जायची भीती वाटती तवा तोंड कसं होतं, मला म्हाईत हाय. तुमची पोरगी शिकायला हाय. माझं काय, मी येकटा."

मी स्क्रूची डबी त्याच्याकडे सरकवली.

"आन दुसरं आइका. मला नव्वद टक्के ठावं हुतं लाईन वरनं आली म्हनून. तरी मी खटका पाडला. तुमी साहेब, खरं हाय. पन वायर माझी. मी हात काढून घ्याचा हुता. म्हनून म्हनलं, माझी चूक. ती माझी हायच."

"आणि माझी?"

"ती तुमी बघा," तो म्हणाला. मग आत जाऊन दोन कप चहा घेऊन आला. या वेळी घेतला.

९ जानेवारी, गुरुवार

काल दिवसभर जमलं नाही. आज डॉ. फिरदोस यांचे पेशंट संपल्यावर आत गेलो. उभ्यानेच सांगितलं. खटका पाडायला मी सांगितलं. गौसभाईंनी दोनदा अडवलं होतं, मी ऐकलं नाही. बैठकीत मी गप्प बसलो.

त्यांनी ऐकून घेतलं. टेबलावरचा स्टेथोस्कोप गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, "मला त्या दिवशीच वाटलं होतं. दोन वर्षं मी समितीकडे फ्रीजला वेगळी लाईन मागते आहे, ती दिली नाही. माझा फ्रीज कुठून चालतो हे मीही कधी तपासलं नाही. त्यामुळे सगळं तुमच्या एकट्याच्या माथी मी मारणार नाही." मग म्हणाल्या, "पण सोळा दिवस झाले, अनिलकुमार. तुम्ही रोज या दारावरून जात होता."

मी म्हटलं, हो.

"आजींचा नातू अजून आलेला नाही."

म्हटलं, माहीत आहे. मी रोज फोन लावतो.

त्यांना याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. म्हणाल्या, "त्या गावच्या आशाताईंना मी काल निरोप दिलाय. बघू. आणि हे जे मला सांगितलं, ते शनिवारी सगळ्यांसमोर सांगा."

११ जानेवारी, शनिवार

बैठक झाली. चौदा माणसं. आधी आकडे वाचले. डिसेंबरात मागच्या डिसेंबरपेक्षा एकतीस टक्के कमी. टाळ्या वाजल्या. मग मी म्हटलं, अहवालात दुरुस्ती आहे. झडपा गौसभाईंनी दाखवल्या आणि उघडल्या. पडद्यांची कल्पना बजाबाईंची. हीटर विमा ऑफिसच्या लोकांनी आपणहून काढले. मी सुचवलेली गोष्ट एकच, रविवारी खटके पाडायची. तिच्यामुळे लशी वाया गेल्या. गौसभाईंनी नको म्हटलं होतं.

आकड्यांचा कागद घडी करून हिंदुरावांसमोर ठेवला.

मग एक गाळेधारक म्हणाले, चूक कुणाकडूनही होते. हिंदुराव म्हणाले, "चुकीचं मी धरत नाही. माझ्या दुकानात बसून एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या, त्या मी घेतल्या, आणि तुम्ही बघत बसलात. ते मला जड जातंय."

मला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने निर्णय कळला. गौसभाईंना परत बोलवायचं, हिंदुराव स्वतः जातील. फ्रीजला वेगळी लाईन लगेच. मी फेब्रुवारीअखेरपर्यंत, नंतर पुण्याची कंपनी.

घरी येऊन वैजयंतीला सगळं पहिल्यापासून सांगितलं, २१ तारखेच्या संध्याकाळपासून. कामाचंही सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाली, "डब्याचं मार्चमध्ये बघू. आता हात धुऊन घ्या." जेवताना समोर बसली. इतके दिवस ओट्याशी उभी असायची.

१७ जानेवारी, शुक्रवार

शहरातल्या गड्ड्याच्या यात्रेमुळे तीन-चार दिवस निम्मी इमारत बंदच होती, त्याचा उपयोग करून घेतला. गौसभाई सोमवारी आले. किल्ल्या घेतल्या आणि आधी जिन्यातले तीन दिवे बदलले.

दोघांनी मिळून पहिला मजला पूर्ण शोधला. ते एकेक लाईन धरून पुढे जातात, मी कागदावर काढतो. अजून चार ठिकाणी वरची वायर खाली आणि खालची वर निघाली. विमा ऑफिसचा एक पॉइंट तर लिफ्टच्या बोर्डावर आहे. मला घाई होत नाही हे दुपारी लक्षात आलं. फ्रीजची नवी लाईन थेट मुख्य बोर्डापासून ओढली, तिच्या खटक्याला लाल रंग दिला, वर लिहिलं, 'लस. बंद करू नये.' बजाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मराठीच हाय की, मला येतं."

युनिटं: तीनशे नव्वद. फेब्रुवारीअखेर आकडा इथेच राहील असं वाटतं. पुण्याच्या लोकांना तयार मिळेल.

२० जानेवारी, सोमवार

अकरा वाजता दवाखान्याच्या बाकावर सोजरबाई दिसली.

आशाताईंनी निरोप पोचवला होता. पोराला मध्ये सर्दी-ताप झाला म्हणून थांबली, असं बाजूच्या बाईला सांगत होती. ताप म्हटल्यावर मी तिथेच थांबलो. आत डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं, घसा बघितला, अंगावर काही आलं होतं का विचारलं. नुसती सर्दी. आज लस देता येईल, म्हणाल्या. नर्स दुसऱ्या मुलाकडे होती. डॉक्टरांनी दारातून मला बघितलं. "अनिलकुमार, जरा या. पाय धरा याचे."

मी पाय धरले. एवढेसे पाय, आणि ताकद भलतीच. सुई टोचल्यावर एक क्षण तो नुसता बघत राहिला, मग मोठ्याने रडला. डॉक्टरांनी फ्रीजचं दार लावलं, कार्डावर तारीख लिहिली.

बाहेर आल्यावर म्हातारी मला म्हणाली, "तुमी हितलंच का, साहेब? मागच्या खेपंला आले तर लाईट न्हवती म्हनं."

मी म्हटलं, "आजी, लाईट होती. ती मी बंद करायला सांगितली होती. त्यामुळे तुमची खेप वाया गेली. पोराला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

ती माझ्याकडे बघत पोराच्या टोपड्याची नाडी बांधत राहिली. ती रागावण्याची मी वाट बघत होतो.

"आता चालू हाय न्हवं?" तिने विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं.

"मग ही पिशवी घ्या जरा," ती म्हणाली. "जिना उतरताना दोन्ही हात लागत्यात."

पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. रिक्षा मिळेपर्यंत थांबलो.